दाजींचा उजवा डोळा

माझ्या थोरल्या बहिणीला मी आक्का म्हणतो आणि तिच्या नवऱ्याला दाजी. दाजी निपाणीजवळच्या एका खेड्यात राहतात, थोडी शेती करतात, पण त्यांचं खरं काम तंबाखू पारखण्याचं. वखारीत माल उतरला की व्यापारी आधी दाजींना बोलावतात. दाजी वाळका पाला तळहातावर पसरतात, दाराकडे तोंड करतात, मान तिरकी करून एका डोळ्यानं बघतात आणि सांगतात, हा माळावरचा, हा काळ्या रानातला, ह्याला शेवटचं पाणी जास्त झालंय. एका डोळ्यानं, कारण चालणारा डोळा एकच. डावा लहानपणी विटी लागून गेला. त्याला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. बाकी सगळा संसार, शेत, वखार आणि आक्काचा राग, दाजी उजव्या डोळ्यानंच बघत आले आहेत.

माझं निपाणीत औषधाचं दुकान आहे. रीतसर शिकून, परवाना घेऊन काढलेलं. तरी आमच्याकडे चिठ्ठी घेऊन येणारं गिऱ्हाईक कमी, आणि नुसतं काउंटरवर कोपर टेकून "अण्णा, गेल्या वेळचं ते द्या की" म्हणणारं जास्त. गेल्या वेळचं ते म्हणजे काय, हे ओळखण्यात माझा हात कुणी धरत नव्हता. मला त्याचा अभिमान होता. ह्या गोष्टीत तो अभिमान कुठे गेला ते येईलच.

पाला बडवायचे दिवस होते. भर दुपारी दाजी दुकानात आले. डोळ्यावर काळा गॉगल.

"काय दाजी, सिनेमात काम लागलं काय?"

"चेष्टा नगा करू, पाव्हणं. पाला बडवताना कायतरी उडालं डोळ्यात. म्हातारीकडनं काढून घेतलं, तरी खुपतंय लई."

त्यांच्या गावात एक म्हातारी आहे. कुणाच्या डोळ्यात कुसळ, काडी, कचरा गेला की लोक तिच्याकडे जातात. ती माणसाला ओट्यावर बसवते, पापणी उलटी करते आणि जिभेच्या टोकानं कचरा उचलून घेते. मग तो बोटावर ठेवून सगळ्यांना दाखवते. दाजींच्या डोळ्यातनं तिनं तंबाखूच्या पाल्याचा तुकडा काढला होता.

मी गॉगल वर करून ट्यूबलाइटखाली बघितलं. डोळा लाल. ह्यापलीकडे मला काही कळत नव्हतं, पण कळत नाही असं म्हणायची सवय मला तोवर लागलेली नव्हती. मी मागच्या फळीवरनं लालीवरचा थेंब काढला. हा थेंब दुकानात सगळ्यात जास्त खपायचा. डोळे आले, धूळ गेली, जागरण झालं, सगळ्याला तोच. त्यात जंतूंवरचं औषध असतं आणि सोबत स्टेरॉईड. स्टेरॉईड डोळ्याच्या जखमेत कधी घालू नये हे मला शिकवलेलं होतं. परीक्षेत मी ते लिहून मार्कही मिळवले होते.

"चार वेळा एकेक थेंब. परवा गॉगल काढून फेकून द्या."

तिसऱ्या दिवशी फोन आला. "पाव्हणं, जादू हाय तुमच्या हातात. ठणका गेला बघा!" मी हा फोन समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ऐकवला. पुढच्या दोघांनाही तिखटमीठ लावून सांगितला.

आठव्या दिवशी आक्काचा फोन आला. तिच्या आवाजात नेहमीचा दरारा नव्हता.

"ह्यांना उजेड सोसंना झालाय रं. आणि बुबुळावर पांढरं आलंय, भाताचं शित चिकटल्यागत. पुसलं तरी जात न्हाय."

मी दुकानाचं शटर ओढलं आणि गेलो. दाजी भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, आणि मला कळलं की ते आवाजाच्या दिशेनं बघताहेत. बुबुळावर खरंच शित होतं. कडेनं पिसासारखं फुटलेलं, मळकट पांढरं.

आम्ही तिघं बसनं बेळगावला निघालो. संकेश्वर येईपर्यंत आक्का म्हातारीला शिव्या देत होती. "तोंडात कायम तंबाखूचा बार, त्या जिभंनं डोळा चाटती. सटवी! माझ्या नवऱ्याचा डोळा नासवला." आणि मी, सांगायला लाज वाटते, मान डोलावत होतो. नुसती मान नव्हे. "खेड्यातल्या लोकांना अक्कलच न्हाय," असंही मी म्हणालो. खिडकीकडच्या जागेवर दाजी डोळ्यावर टॉवेल धरून गप्प बसले होते.

बेळगावात लष्करी कॅम्पाच्या बाजूला एक डोळ्यांचा दवाखाना आहे. डॉक्टरीणबाई कानडी, मराठी जपून जपून बोलणाऱ्या. त्यांनी डोळा बघितला आणि दार लावून घेतलं. डोळा बधिर करून बुबुळावरची साय बारीक पात्यानं खरवडली, काचेवर घेतली, वरून एक थेंब टाकला आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. मी औषधवाला आहे म्हटल्यावर त्यांनी मलाही बघू दिलं. स्वच्छ पाण्यात दोऱ्याचे तुकडे पडावेत तसे धागे, फांद्या फुटलेले.

"बुरशी," त्या म्हणाल्या. "पानाला, काडीला असते. डोळ्याला चरा पडला की आत रुजते. शेतातल्या माणसांत आम्ही हे नेहमी बघतो. बघा, ही काच, हा थेंब आणि दहा मिनिटं. एवढंच निपाणीत असतं तर तुमचे आठ दिवस वाचले असते." मग दाजींकडे वळून त्यांनी विचारलं, "आप्पा, आधी डोळ्यात काय काय घातलं? नीट सांगा."

आक्कानं म्हातारीची हकिगत पुन्हा सुरू केली. डॉक्टरीणबाईंनी हात वर केला. "जीभ वाईटच. पण मी थेंबाचं विचारते. बरेच लोक दुकानातून स्टेरॉईडचा थेंब घेऊन येतात. त्यानं लाली जाते, दुखणं जातं आणि बुरशी आरामात वाढते. बाहेरून बरं, आतून पोखरलेलं. तसं काही घातलं?"

मी भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे फार लक्षपूर्वक बघायला लागलो.

"न्हाय," दाजी म्हणाले. "नुस्तं गार पाणी मारत हुतो."

माझा जीव भांड्यात पडला. खरं तर त्याच वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. पण समोर आक्का होती, आणि तो थेंब आता बंद झालाच आहे, मग सांगून काय फरक पडतो, असा हिशेब मी मनात मांडला. तो हिशेब किती चुकीचा होता ते कळायला पाच दिवस लागले.

नवं औषध नाटामायसिन नावाचं. दर तासाला एक थेंब, पहिले दोन दिवस रात्रंदिवस. चिठ्ठी माझ्या हातात आली आणि मी औषधवाल्याच्या रुबाबात निघालो. दवाखान्याच्या दुकानात संपलेलं, माल सोमवारी. समोरच्या दुकानात नाही. चौकातल्या दोन्ही दुकानांत नाही. एकानं मला विचारलं, "हे कोण लिहितं?" दुसऱ्यानं त्याऐवजी कपाटातनं एक बाटली काढून पुढं केली. माझाच लालीवरचा थेंब. डोळा घालवणारी बाटली बेळगावातल्या प्रत्येक दुकानात होती, आणि वाचवणारी शोधत मी उन्हात वणवण फिरत होतो. माझ्या स्वतःच्या दुकानात ती आजवर एकदाही आलेली नव्हती. खपत नाही म्हणून मागवलेली नाही, इतकं सोपं. शेवटी ओळखीच्या होलसेलवाल्याला फोनवर अक्षरशः गयावया केली, तेव्हा त्यानं कुठल्याशा खोक्यातनं दोन बाटल्या शोधून दिल्या.

रोज निपाणीहून येणं शक्य नव्हतं, म्हणून बेळगावातल्याच वडगावात एका ओळखीच्या विणकराच्या माडीवर खोली घेतली. खाली यंत्रमाग, त्यामुळे खोलीतली फरशीसुद्धा दिवसभर थरथरायची. आक्कानं मोबाइलवर तासातासाचे गजर लावले. गजर वाजला की बाटली चांगली हलवायची, कारण औषध तळाशी बसतं, आणि मग दुधासारखा पांढरा थेंब डोळ्यात. थेंब पडला की दाजी दात आवळायचे.

"चुना घातल्यागत झोंबतंय गं."

"झोंबू द्या. गप पडा."

मी एक दिवसाआड दुकान बंद करून येत होतो. पाचव्या दिवशी दाजींना घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई यंत्रातनं बराच वेळ बघत राहिल्या. शित मोठं झालं होतं.

"असं व्हायला नको," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "औषध वेळेवर घालताय?"

"घड्याळावर," आक्का म्हणाली.

"दुसरं काही घालताय?"

"न्हाय," दाजी म्हणाले.

"दोन दिवस बघू. फरक नसेल तर बुबुळ बदलायला लागेल, आणि तेही मिळायला पाहिजे. तोवर डोळा फुटला तर काही हातात राहत नाही." मग त्यांनी डाव्या डोळ्यावर टॉर्च मारून बघितलं आणि हळूच विचारलं, "हा पूर्वीपासून गेलेला?"

रिक्षानं परत आलो. दोघांना खोलीवर सोडून मी जेवण आणायला गेलो. डबे घेऊन जिना चढलो तेव्हा आक्का खाली नळावर होती. खोलीचं दार अर्धं उघडं. दाजी भिंतीला टेकून, मान मागे टाकून स्वतःच डोळ्यात थेंब घालत होते.

गजर वाजलेला नव्हता, आणि त्यांनी बाटली हलवलीही नाही. गालावरून जो थेंब ओघळला तो पाण्यासारखा नितळ होता.

"दाजी, काय घालताय ते?"

त्यांनी बाटली मुठीत लपवली. साठीचा माणूस, वखारीत ज्याच्या शब्दावर पोत्यांच्या थप्प्या हलतात, तो माझ्यापासून बाटली लपवत होता.

"काय न्हाय. तुमचंच औषध."

"माझं? आहो, डॉक्टरनी सांगितलंय न्हवं, दुकानातलं स्टेरॉईड घालायचं न्हाय म्हणून?"

"मग ह्ये दुकानातलं कुठं हाय?" दाजी खरोखर आश्चर्यानं म्हणाले. "ह्ये तर तुम्ही दिलंय. पाव्हण्याच्या हातचं. त्या पांढऱ्यानं नुस्ती आग हुती. ह्ये घातलं की गार वाटतं, म्हणून मधनंमधनं घालतो."

"मग त्यांनी विचारलं तवा सांगितलं का न्हाय?"

"काय सांगायचं? बाई कडक हाय. तुम्हाला चारचौघांत बोलली असती. बायकोच्या भावाची मान माझ्यामुळं खाली जाणार? न्हाय जमायचं."

दवाखान्यात मी गप्प बसलो होतो माझी मान वाचवायला, आणि दाजीही गप्प बसले होते माझीच मान वाचवायला. त्या मानेच्या पायी डोळा चालला होता. त्याच वेळी वीज गेली आणि खालचे माग एकदम थांबले.

"दाजी," मी म्हणालो, "त्या म्हणत हुत्या ते स्टेरॉईड ह्यातच हाय. पहिल्या दिवशी दिलं तेच. मला म्हाईत हुतं."

दारात आवाज झाला. आक्का कळशी घेऊन उभी होती. तिनं कळशी खाली ठेवली, अगदी हळू, आणि ते हळू ठेवणंच मला जास्त लागलं.

"म्हंजी म्हातारीनं न्हाय?"

"काडी गेली तवाच बुरशी रुजली असंल. पण वाढवली मी."

"तू रं? आणि बसमधी मुंडी हलवत हुतास?"

दाजींनी मूठ उघडून बाटली माझ्या हातात ठेवली. "गार मातर वाटत हुतं," ते म्हणाले, जणू माझ्या बाजूनं शेवटची साक्ष द्यावी तसे.

तसाच जेवण टाकून मी बाटलीसह दवाखान्यात परत गेलो. डॉक्टरीणबाई घरी निघाल्या होत्या. पायरीवरच मी सगळं सांगितलं, एका दमात, काही न गाळता. त्यांनी बाटली उजेडाकडे धरली. तिच्यावर माझ्या दुकानाचं लेबल होतं, वेळा माझ्याच अक्षरात लिहिलेल्या. त्या मोठ्यानं बोलतील म्हणून मी तयार होतो. त्यांनी एवढंच विचारलं, "ह्या महिन्यात हे तुमच्याकडून अजून कुणाकुणाला गेलं?"

नावं मी कधी लिहून ठेवली नव्हती. नुसती तोंडं आठवत होती. एक गवंडी होता. विड्या वळणारी एक बाई होती, पदर डोळ्याला लावून आलेली. अजूनही होते.

"शोधा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा आत जाऊन दाजींचे कागद काढून बसल्या. जुना थेंब आजपासून बंद, पांढरा तसाच चालू, सोबत गोळ्याही दिल्या, आणि मला रोज फोन करून कळवायला सांगितलं.

मी शोधलं. गवंडी सापडला, त्याचा डोळा ठणठणीत होता आणि त्याला माझी चौकशी संशयास्पद वाटली. "परत पैसे मागाय आलाय काय?" विडीवाल्या बाईच्या डोळ्यात बारीक पांढरा ठिपका होता. तिला मी दुसऱ्याच दिवशी बेळगावच्या बसमध्ये बसवलं. ठिपका लहान होता, तीन आठवड्यांत गेला. बाकीच्यांत एक माणूस मला सापडलाच नाही. दुपारच्या गर्दीत आलेला, टोपीवाला, कुठल्या गावचा ते मी विचारलंच नव्हतं. त्याचं काय झालं हे मला अजून माहीत नाही.

म्हातारीकडेही गेलो. ओट्यावर बसली होती. मी सगळं सांगितलं, तर ती मिशेरी लावता लावता म्हणाली, "मला म्हाईत हुतं रं मुडद्या. माझ्या जिभंनं काडी निघाली. नासलं ते तुझ्या बाटलीनं."

"मावशी, पण जीभ लावायची न्हाय आता. डॉक्टरीणबाईंचा निरोप हाय. स्वच्छ पाणी मारायचं आणि दवाखान्याला धाडायचं."

"आणि तू?"

"मीबी तेच करायचं ठरवलंय."

"मग दोघंबी बिनकामाचं झालो म्हण की," ती म्हणाली आणि पचकन थुंकली.

डोळा मात्र घाईत नव्हता. आठवडाभरानं शित वाढायचं थांबलं. अजून दहा दिवसांनी कडा निवल्या. मग ते रोज एवढं थोडं कमी होत गेलं की मी फोनवर "फरक हाय?" विचारायचो आणि आक्का "तूच ये आणि बघ" म्हणून फोन ठेवायची. ह्यापेक्षा जास्त शब्द त्या काळात ती माझ्याशी बोलली नाही. शेवटी किती दिसेल, हे डॉक्टरीणबाई सांगत नव्हत्या. डाग राहणार, तो मध्यावर आहे की बाजूला, त्यावर सगळं, एवढंच म्हणायच्या.

दीड महिन्यानं त्यांनी पहिल्यांदा दाजींना तक्त्यासमोर बसवलं. आक्का आणि मी मागच्या बाकावर. तक्ता कानडी अक्षरांचा होता. डाव्या डोळ्यावर पट्टी, उजवा उघडा, दाजी ताठ बसलेले.

पहिलं मोठं अक्षर त्यांनी लगेच सांगितलं. दुसरी ओळ सांगितली. तिसऱ्या ओळीतलं पहिलंही सांगितलं, आणि थांबले.

"पुढचं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दाजींनी मान थोडी तिरकी केली.

"दिसत नाही?"

दाजी गप्पच. मानेवर घाम आलेला मला मागून दिसत होता. तिसरी ओळ. वखारीत पाला ओळखायला तिसरी ओळ पुरत नाही. आक्कानं माझं मनगट धरलं होतं आणि तिची नखं आत चालली होती.

"आप्पा, घाबरू नका. धूसर दिसतं का? काळं काही तरी दिसतं का?"

दाजींनी मान अर्धी माझ्याकडे वळवली आणि आवाज उतरवून विचारलं, "पाव्हणं, ह्ये कुठलं अक्षर म्हणायचं?"

"ते मला नगा विचारू. तुम्हाला दिसतंय काय?"

"दिसतंय की! चांगलं गाठोडं घेऊन बसल्यागत दिसतंय. पण मी मराठी शाळंत शिकलो, कानडी येतं ते बसच्या पाटीपुरतं. ह्ये अक्षर कुठल्याच गावाच्या पाटीवर न्हाय."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "बोटानं काढून दाखवा."

दाजींनी तंबाखूनं पिवळं पडलेलं बोट वर केलं आणि हवेत ते अक्षर काढलं. वळण, गाठ, खालचं शेपूट, सगळं. डॉक्टरीणबाईंनी तक्त्याकडे बघितलं, बोटाकडे बघितलं.

"बरोबर. पुढचं?"

पुढचंही काढलं. चौथ्या ओळीतली सगळी काढली, एक उलटं काढलं, मग स्वतःच पुसून सुलटं केलं. पाचव्या ओळीला ते पुढं झुकले, डोळा बारीक केला आणि बोट हवेतच राहिलं.

"आता धूर हाय," ते म्हणाले. "हितनं खाली धूर."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलं. "एवढं राहिलं तरी खूप झालं. चष्म्यानं अजून एक ओळ मिळेल. पुढच्या वेळी आकड्यांचा तक्ता लावते."

"नगा," दाजी खुर्चीतनं उठत म्हणाले. "ह्योच ऱ्हाऊ दे. तवर ही चार अक्षरं शिकून येतो."

आक्कानं तेव्हा कुठं माझं मनगट सोडलं.